कोम ओम्बोचं आभारप्रदर्शन

नसरीन आपांचं नाव आधी घेते, मग बाकीचं सांगते. आभार शेवटी मानायचे असतात हे मलाही ठाऊक आहे. पण शेवटापर्यंत कुणी थांबत नाही, हे मी या प्रवासात डोळ्यांनी पाहिलं. म्हणून आपांचं नाव वरच लिहून ठेवते. त्या नसत्या तर इजिप्त राहू द्या, मी विमानतळाच्या दारातूनच परत फिरले असते.

आपा म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. इतिहास शिकवायच्या. मी गुलमंडीच्या बाजारात एका साडीच्या दुकानाच्या ओट्यावर फॉल-पिको करते. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. आपांची लेक पुण्याला असते, तिनं आईसोबत इजिप्तच्या सहलीला जायचं ठरवलं होतं, पण तिला सुट्टी मिळेना; तिच्या जागेचे पैसे मात्र तिनं भरले होते. नावं द्यायची वेळ आली तेव्हा आपा मशीनपाशी येऊन म्हणाल्या, "संगीता, तू चल. माझा गुडघा धरायला कुणीतरी पाहिजे."

"मी? आपा, मला सिल्लोडच्या पुढं एकटीनं जाता येत नाय."

"एकटी कुठं चाललीस? मी आहे ना."

आमच्या घरच्यांनी शेवटची शंका काढली, "ही तिथं हरवली तर कुणाला विचारणार?"

"मला विचारेल की," आपा म्हणाल्या, आणि विषय संपला. पासपोर्टच्या कचेरीत भीतीनं माझा अंगठा मशीनवर ठरत नव्हता. तेव्हाही त्यांनीच मागून माझं मनगट धरलं होतं.

तयारी

ही साधी सहल नव्हती, अभ्यास सहल होती. म्हणजे पुढं एक विद्वान असतो आणि मागं आपण. आमचे विद्वान म्हणजे इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण लिहायचं तर सगळ्या पदव्यांसकट लिहावं लागेल आणि मग नाईलला जागा उरणार नाही. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही सरच म्हणते.

निघायच्या आधी बैठका झाल्या. प्रत्येक बैठकीला समई लावली, सरांचा परिचय करून दिला आणि सरांनी विषयप्रवेश केला. सूत्रसंचालनाला मुळे काका. बँकेतून निवृत्त झाल्यापासून शहरातला एकही माईक त्यांनी मोकळा सोडलेला नाही. प्रवासासाठी त्यांनी खांद्याला अडकवायचा स्पीकरच विकत घेतला होता. एक भलामोठा फ्लेक्सही छापून घेतला. त्यावर मधोमध सरांचा फोटो, खाली आम्हा सगळ्यांचे चौकोन, आणि कोपऱ्यात, जागा उरली म्हणून, एक पिरॅमिड.

मग कामं वाटली. कुणाला मंदिरावर बोलायचं, कुणाला नदीवर. माझ्यापाशी येऊन मुळे काका म्हणाले, "संगीताताई, तुम्हाला सगळ्यात सोपं दिलंय. आभारप्रदर्शन. फक्त कुणाचं नाव राहू द्यायचं नाही."

"सोपं?" आपा बाजूनं म्हणाल्या. "भाषण वाईट झालं तर लोक चहापर्यंत विसरतात. आभारात नाव राहिलं तर सुनांना सांगून मरतात."

त्या दिवसापासून मी फॉल लावता लावता नावं पाठ करू लागले.

त्याच बैठकीत सरांनी विचारलं, कुणाला खास काय बघायचं आहे? पिरॅमिड, ममी, असं सगळे ओरडले. आपा म्हणाल्या, "मला एकच बघायचंय. कोम ओम्बोच्या देवळात नदीचं पाणी मोजायची विहीर आहे, ती."

आपांचे मालक पैठणच्या धरणावर नोकरीला होते. जायकवाडीत पाणी किती चढलं, किती उतरलं, ते पट्टीवर वाचून वर कळवायचं, हेच त्यांचं काम. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. शाळेच्या पुस्तकात त्या इजिप्तच्या विहिरीचं एक छोटं चित्र होतं. आपा दरसाल मुलांना ते दाखवायच्या आणि म्हणायच्या, आमच्या घरचं खातं इतकं जुनं आहे.

सर हसले. "विहीर हा तसा दुय्यम विषय. वेळ उरला तर बघू."

लक्सर

पिरॅमिड आम्ही पाहिले. म्हणजे फ्लेक्सच्या वरून जेवढे दिसतात तेवढे. तिथून लक्सरला आलो आणि कर्णाकच्या देवळात गेलो. देऊळ म्हटल्यावर मी दारात चपला काढल्या, भिंतीला नीट लावून ठेवल्या आणि आत निघाले. चार पावलांत तळवे असे भाजले की मी एका पायावर उभी. आपा वळून बघतात तो काय! मागून तिथला एक पहारेकरी माझ्या चपला दोन बोटांत धरून येतच होता. समोर येऊन म्हणाला, "बक्षीश."

"आपा, हा मराठी बोलतो!"

"पैसे मागायला सगळीकडे हाच शब्द चालतो," आपा म्हणाल्या.

कर्णाकचे खांब मी शब्दांत सांगू शकत नाही. मान मागं करता करता डोक्यावरचा पदर पडला, तरी खांब संपेना. पण आमच्यातल्या निम्म्या लोकांनी ते पाहिले नाहीत. कारण सर खांबांकडं पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "कर्णाक समजून घ्यायचं तर आधी वेरूळ समजून घ्यावं लागेल." आणि त्यांनी वेरूळ समजावलं. कैलास लेणं वरून खाली कसं खोदलं, ते सांगताना त्यांचा हात इतका वर गेला की आम्ही खांबाचं टोक बघायला म्हणून वर बघितलं तरी त्यांना वाटलं, आम्ही त्यांच्या हाताकडं बघतोय.

आमचा तिथला गाइड हानी नावाचा होता. त्याला हिंदी सिनेमातलं थोडंथोडं हिंदी येत होतं. तो पहिल्या दिवशी बिचारा माहिती सांगायला पुढं झाला. मुळे काकांनी त्याला थांबवलं, "आधी सर." मग तो सावलीत जाऊन बसला आणि तिथून पुढं सबंध प्रवासभर सावलीतच बसला. सरांचं झालं की तो घड्याळ दाखवायचा. तेवढ्या वेळात फ्लेक्स उघडायचा, फोटो काढायचा, आणि बायकांना टॉयलेटला जाऊन यायचं. वेरूळ आमच्यापासून अर्ध्या तासावर आहे. ते मला इतकं नीट कधीच समजलं नव्हतं. त्यासाठी आफ्रिकेत जावं लागलं.

नावेवर

नाव म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर होडी होती. ही तर माळ्यावर माळे असलेली लॉज निघाली, पाण्यावर तरंगणारी. खोलीत दोन पलंग, काचेपलीकडं नदी. काठानं खजुरीची झाडं, त्यामागं हिरवी पट्टी, आणि तिच्यामागं लगेच वाळूचे डोंगर. जणू कुणी हिरव्या साडीला जाड काठ लावलाय आणि पदर विणायचा राहून गेलाय.

जेवणात घेवड्यासारख्या दाण्यांची गिळगिळीत उसळ रोज असायची. ती भाकरीसारख्या जाड पोळीशी खायची. आमच्या मंडळींनी पहिल्याच दिवशी डबे उघडले. ठेचा, शेंगदाण्याची चटणी, दशम्या. मुळे काका ठेच्याचं बोट चाटत हानीला म्हणाले, "टेस्ट करा." त्यानं एक चमचा भरून घेतला. नंतर दुपारपर्यंत पाण्याची बाटली त्याच्या तोंडालाच होती. त्यांचा एक लाल चहा असतो, गार पितात. मी वास घेतला आणि ओळखलं, ही तर अंबाडीच्या जातीची फुलं! आपल्याकडं आपण भाजी करून मोकळं होतो, त्यांनी त्याचं सरबत करून पाहुण्यांपुढं ठेवलंय.

पहिल्या संध्याकाळी खोलीत आले तर पलंगावर मगर. डोळ्यांवर माझाच गॉगल. मी जी किंचाळले, ती मुळे काका स्पीकर घेऊनच धावत आले. खोली झाडणाऱ्यानं टॉवेलची मगर करून ठेवली होती, पाहुण्यांना मजा वाटावी म्हणून. आपा पलंगावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "अगं, त्याच्या दृष्टीनं हा आपला सत्कार आहे!"

इस्ना नावाच्या गावाशी पाण्याला मोठी दारं आहेत. बंधाऱ्यापाशी नाव वर चढवायला थांबवतात. तिथं लहान होड्यांतून कपडे विकणारे आले. ते खालून गुंडाळ्या करून थेट वरच्या गच्चीवर फेकतात. आवडलं तर पैसे त्याच पिशवीत घालून खाली टाकायचे, नाहीतर कपडा परत फेकायचा. इतका विश्वास गुलमंडीत कुणी गिऱ्हाइकावर टाकत नाही. नेमकं तेव्हा गच्चीवर सरांचं "नाईल आणि गोदावरी" चाललं होतं. गोदावरी त्र्यंबकेश्वरहून निघाली तोच एक टेबलक्लॉथ येऊन सरांच्या छातीवर बसला. सर थांबले नाहीत. टेबलक्लॉथ हातात धरून त्यांनी नदी नांदेडपर्यंत नेली. मी मात्र तो नंतर उलटून बघितला. काठाची शिलाई कच्ची होती. परत फेकायला गेले तो नेम चुकून टेबलक्लॉथ पाण्यात पडला, आणि त्याच्यासोबत माझा जीवही. होडीवाल्यानं वल्ह्यानं उचलून पिळला आणि हसून हात हलवला. आपल्याकडं चार पिढ्यांचा उद्धार झाला असता.

एडफूला टांग्यानं गेलो, सरांना ऐकून टांग्यानं आलो. देवळात दगडाचा एक ससाणा होता म्हणतात.

परतताना टांग्यात आपा माझ्या शेजारी होत्या. त्यांचा हात माझ्या हातात होता. मी म्हणाले, "आपा, उद्या कोम ओम्बो."

"हौ. वेळ उरला तर."

"मी नेते तुम्हाला. सरांना बोलू द्या, आपण गुपचूप जाऊ."

"नको. जन्मभर मी पोरांना तास चालू असताना उठू दिलं नाही. आता मी कुणाच्या तासाला कशी उठू? नाही पाहिली तर नाही पाहिली." आणि त्यांनी बाहेर बघितलं. त्या बघण्यानं मला जेवण गेलं नाही.

कोम ओम्बो

देऊळ अगदी काठाला आहे. नावेतून उतरलं की समोर खांब. पण धक्क्याला नाव थेट लागत नाही. आधीच्या नावेला आमची बांधतात, तिला पुढची. मग आपण एकीच्या दिवाणखान्यातून दुसरीच्या दिवाणखान्यात असं चालत किनाऱ्याला येतो. उतरतानाच हानीनं सांगितलं, "आज टाइम कम है. अंधेरा होने से पहले वापस."

"पुरेसा आहे," सर म्हणाले. "आज छोटेखानी परिसंवाद घेऊ."

अंगणात दगडांवर आम्हाला बसवलं. खांबांवर फ्लेक्स धरला, मगरीच्या देवाच्या तोंडासमोरच. मुळे काकांनी स्पीकर चालू केला आणि सरांचा परिचय करून दिला. आम्ही आठवडाभर त्यांच्यासोबत जेवत होतो. मग हानीचा सत्कार झाला. त्याच्यासाठी घरून शाल-श्रीफळ आणलं होतं. तो नारळ कैरोच्या विमानतळावर पोलिसांनी कानाला लावून हलवून पाहिला होता. हानीनं शाल घेतली, नारळ घेतला आणि मला विचारलं, "इसका क्या करना है?" मी म्हणाले, "ठेवा. आमच्याकडं पण कुणाला माहीत नसतं."

मग सर उभे राहिले. हे देऊळ एक नाही, जोडदेऊळ आहे, एका बाजूला मगर, एका बाजूला ससाणा. तिथून ते मगर या प्राण्याकडं गेले, मगरीवरून मकरतोरणाकडं, आणि मकरतोरणावरून, तुम्ही ओळखलंच असेल, वेरूळला. ऊन खांबांच्या निम्म्यावर आलं. हानी घड्याळावर बोट मारत होता. त्यानं मला हातानं दाखवलं, विहीर तिकडं आहे, त्या कोपऱ्यात. फार लांब नव्हती. पण जमीन खडबडीत, आणि आपांचा गुडघा. पुरता वेळ लागणार होता. आपा ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर, शाळेत बसतात तशा. कोपऱ्याकडं त्या एकदाही बघत नव्हत्या.

सरांनी पान उलटलं. "ही झाली पार्श्वभूमी. आता आपण मुख्य विषयाकडं वळू." आणि माईक मुळे काकांच्या हातात देऊन ते पाणी प्यायला थांबले.

मला काय झालं ते मला माहीत नाही. पुढचा कार्यक्रम माझा, म्हणून मी मुळे काकांशेजारीच बसले होते. मी उभी राहिले. त्यांच्या हातातून माईक घेतला. माझा स्वतःचा आवाज मला खांबांवरून परत ऐकू आला:

"कार्यक्रमाच्या अखेरीस, मी सर्वांचे आभार मानते."

एवढंच. आणि लोक उठले! कुणी विचारलं नाही, कुणी घड्याळ बघितलं नाही. आमच्या लोकांच्या अंगातच आहे ते. जन्मापासून हजार कार्यक्रम पाहिलेले. आभार हा शब्द कानावर पडला की पाय आपोआप उठतात. पिशव्यांच्या चेनी लागल्या, धोतरं-साड्या झटकल्या, "चला, चला" सुरू झालं. दोन बायका टॉयलेटच्या दिशेनं निघाल्यासुद्धा. सरांच्या हातातली बाटली हवेतच राहिली.

माझं तोंड आता थांबेना. "सरांचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत, मला कळत नाही," मी म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं. त्यावर सरांनी बाटली खाली ठेवली आणि हात जोडले. त्यांनाही सवयच. टाळ्या झाल्या. मग मी मुळे काकांचे मानले, हानीचे मानले, नावेच्या स्वयंपाक्याचे, टॉवेलची मगर करणाऱ्याचे, एडफूच्या घोड्याचे मानले. नाव राहू नये या भीतीनं खऱ्या मगरीच्या देवाचेही मानले. राहिलं ते फक्त आपांचं. कारण तोपर्यंत त्या उठून माझी बाही धरून उभ्या होत्या.

"झाले का आभार?" त्या हळूच म्हणाल्या.

"झाले."

"मग तास संपला. चल."

आम्ही निघालो. खड्ड्यात पाऊल पडलं की आपा "या अल्ला" म्हणायच्या, मी "सावकाश" म्हणायची. विहीर गोल, दगडाची. आतून पायऱ्या वळत वळत खाली गेलेल्या. कठड्याला टेकून आपा वाकल्या.

"संगीता, पाणी कुठंय?"

"आपा, कोरडी आहे. तळाशी कचरा दिसतोय."

हानी मागून आला होता, शाल खांद्यावर, नारळ काखेत. त्यानं सांगितलं, पूर्वी नदीला पूर आला की पाणी इथं आतून चढायचं. पुजारी पायरी बघायचे. जास्त चढलं तर पीक चांगलं, म्हणजे शेतसारा जास्त. आता वर अस्वानला मोठं धरण झालं. पूर येत नाही. विहिरीला काम नाही.

आपा हसायला लागल्या. "म्हणजे धरणवाल्यांनी इथल्या पाणी मोजणाऱ्याची नोकरी खाल्ली म्हण!"

मग पायऱ्यांकडं बघतच म्हणाल्या, "धरणातलं पाणी उतरलं की हे घरात बोलायचे नाहीत गं. सगळं शहर विचारायचं, किती टक्के, किती टक्के. ह्यांना वाटायचं आपणच प्यायलो. मी म्हणायचे, एकदा मला दाखवा तुमची ती पट्टी. म्हणायचे, त्यात काय बघायचं? लोखंडाला रंग दिलाय, आकडे लिहिलेत. उद्या नेतो. नोकरी संपली, माणूस संपला. वाटलं होतं, ही बघितली की ती बघितल्यासारखं होईल."

"झालं?"

"नाही," आपा म्हणाल्या. त्यांनी चष्मा पुसला. "पण ही छान आहे. चल, नाव सुटेल."

अस्वान

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर सर एकटेच बसले होते. मी जिन्यातूनच परत फिरणार होते, पण आपांनी ढकललं.

"संगीताताई," सर म्हणाले, "आभार चांगले झाले. थोडे लवकर झाले."

"चुकलं सर."

"मुख्य विषय राहिला माझा." ते कागदांची सुरळी गुंडाळत होते, उलगडत होते.

"तुमचा मुख्य विषय काय होता?" आपांनी विचारलं.

"तीच विहीर. पाण्याचं मोजमाप आणि राज्यकारभार." मग नदीकडं बघत, अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "कशी होती हो ती? मी अंगणातच राहिलो. फोटो झाले, आणि मग हानीनं हाकललं."

मला हसावं का रडावं कळेना. आपा त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी विहीर सांगितली. पायऱ्या कशा वळतात, दगड कसा आहे, तळाशी काय दिसतं. सर कान देऊन ऐकत होते, मध्ये वेरूळ आलं नाही. मग तेही बोलले, माईकशिवाय, आम्हा दोघींपुढं, आणि खरं सांगते, चांगलं बोलले. असं ते आधी बोलले असते तर मला कोम ओम्बोचं पाप लागलं नसतं.

घरी

परत आल्यावर ओट्यावर येणाऱ्या बायका विचारतात, "काय बघितलं गं तिकडं?" मी सांगते, नाईल बघितली, खांब बघितले. चपलांचं सांगते, हसवते. विहिरीचं सांगत नाही, ते एका वाक्यात होत नाही.

पैठण इथून किती लांब? बिडकीन गेलं की आलंच. आपा नाईलपर्यंत जाऊन आल्या, पण आपल्या माणसाची पट्टी त्यांनी पाहिली नाही. मी चौकशी केली, तिथवर असं कुणालाही सोडत नाहीत, वरच्या साहेबांची परवानगी लागते. सरकारी कचेरीची पायरी दिसली की मी अजून रस्ता बदलते. पासपोर्टच्या वेळी मनगट धरायला आपा होत्या. या खेपेला त्यांना सांगणारच नाही. एकटी जाणार आहे. साहेबांना म्हणणार आहे, एका बाईला पाणी मोजायची पट्टी बघायची आहे, तिच्या माणसानं ती नोकरीभर वाचली. नाही म्हणाले तर पुन्हा जाईन. हसले तर हसू देईन.

आपा, तुम्ही मला एवढं जग दाखवलंत. आज ना उद्या मी तुम्हाला ती पट्टी दाखवीन. धरणात पाणी असेल त्या दिवशी जाऊ. बोट मी ठेवीन, आकडा तुम्ही वाचा.